झोपेत डोकं दुखून जाग येते? हिप्निक हेडेकमध्ये काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

रात्री दोन-अडीचला डोकं दुखून जाग येते, तास-दीड तास दुखतं, मग आपोआप थांबतं आणि परत झोप लागते. दुसऱ्या रात्री परत तेच, जवळजवळ त्याच वेळेला. दिवसा मात्र डोकं ठणठणीत. असं महिनोनमहिने चाललं असेल तर ते हिप्निक हेडेक असू शकतं. हे दुखणं दुर्मिळ आहे, त्यामुळे बऱ्याच जणांना आणि कधीकधी डॉक्टरांनाही ते पटकन सुचत नाही.

माझ्या आईला हे दुखणं आहे, म्हणून हे लिहितेय. ज्यांना हे आहे किंवा असल्याची शंका आहे ते बहुतेक सगळे क्रमात चुकतात. आधी पेनकिलर, मग झोपेची गोळी, मग कुठेतरी वाचून रात्री कॉफी, मग कधीतरी डॉक्टर, आणि डॉक्टरांनी विचारलं की कधीपासून, किती वाजता, किती वेळ, महिन्यातून किती रात्री, तर उत्तर काय, "रोजच दुखतं हो". एवढ्यावरून कुणालाच निदान करता येत नाही, आणि मधल्या काळात घेतलेल्या गोळ्यांनी चित्र आणखी गढूळ झालेलं असतं. म्हणून खालचे टप्पे आहेत त्याच क्रमाने करा, मधला एखादा गाळून पुढे जाऊ नका.

आधी ओळख, थोडक्यात

हिप्निक हेडेक फक्त झोपेतच सुरू होतं आणि माणसाला जागं करतं. डॉक्टर जे निकष बघतात ते असे: महिन्यातून १० किंवा जास्त दिवस, ३ महिन्यांपेक्षा जास्त काळ, आणि जाग आल्यावर दुखणं १५ मिनिटं ते ४ तास टिकतं. डोळ्यातून पाणी येणं, एकच नाकपुडी चोंदणं, पापणी खाली येणं, दुखण्याने कासावीस होऊन येरझाऱ्या घालणं हे यात नसतं. बहुतेकांना पन्नाशीनंतर सुरू होतं, बायकांमध्ये जास्त दिसतं. दुखणं बऱ्याचदा दोन्ही बाजूंना असतं, सौम्य किंवा मध्यम, पण साधारण पाचातल्या एकाला चांगलंच जोरात दुखतं. दुपारी झोपलात तर त्या झोपेतही येऊ शकतं. एका रात्रीत दोनदा आलं म्हणूनही घाबरायचं कारण नाही, तसं होतं काहींना.

> तपासा: जागेपणी, बसल्या बसल्या किंवा काम करताना तसंच डोकं कधी उठतं का? उठत असेल तर हिप्निक हेडेकची शक्यता बरीच कमी होते, दुसरं काहीतरी शोधायला हवं.

टप्पा १: आजच डॉक्टरकडे जायची गरज आहे का ते बघा

हा टप्पा सगळ्यात आधी, कारण रात्री डोकं दुखून जाग येण्याची काही कारणं अशी आहेत की तिथे वही लिहीत बसणं किंवा कॉफी करून बघणं म्हणजे वेळ घालवणं.

पुढच्यातलं काहीही असेल तर ताबडतोब हॉस्पिटल, रात्र असली तरी:

- डोकं एकदम, मिनिटाभराच्या आत, आयुष्यात कधी दुखलं नाही इतकं जोरात दुखायला लागलं
- बोलताना जीभ अडखळते, चेहरा एका बाजूला ओढला गेला, हात किंवा पाय लुळा वाटतो, एकाची दोन दिसतात, फिट आली, माणूस गोंधळल्यासारखा बोलतोय
- ताप आहे आणि मान आखडलीय
- डोळा लाल, दुखरा, धूसर दिसतंय, दिव्याभोवती वलयं दिसतायत (डोळ्यातलं प्रेशर अचानक वाढल्यावर असं होतं)
- गेल्या काही आठवड्यांत पडझड झालीय, डोक्याला मार लागलाय, अगदी किरकोळ वाटला तरी. वय जास्त असेल किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर कवटीच्या आत हळूहळू रक्त साचू शकतं आणि त्याची लक्षणं नंतर दिसतात

पन्नाशीच्या पुढच्या लोकांसाठी एक गोष्ट वेगळी सांगते कारण ती फार वेळा सुटते. केस विंचरताना कानशिलाजवळची कातडी दुखते, घास चावताना जबडा भरून येतो, मधेच एका डोळ्यापुढे अंधारी येते, बारीक ताप आणि वजन कमी होतंय, अशातलं काही असेल तर टेम्पोरल आर्टरायटिस म्हणजे रक्तवाहिन्यांची सूज असू शकते. यात दृष्टी कायमची जाऊ शकते आणि ती वाचवायची तर स्टिरॉइड त्याच दिवशी सुरू करावं लागतं, रिपोर्टची वाट न बघता. त्याच दिवशी दाखवा, "उद्या बघू" नाही.

आणखी एक. घरात एकापेक्षा जास्त जणांचं डोकं दुखतंय, मळमळतंय, बाहेर गेलं की बरं वाटतं, आणि बंद खोलीत गॅसचा हीटर, गीझर, शेगडी किंवा जनरेटर चालतो, तर कार्बन मोनॉक्साइडचा संशय घ्या. आधी सगळ्यांना घेऊन मोकळ्या हवेत बाहेर पडा, बाकीचं नंतर.

दिवसेंदिवस वाढत चाललेलं दुखणं, खोकल्यावर किंवा वाकल्यावर वाढणारं, सकाळी उलटीसोबत येणारं, आडवं झालं की जास्त होणारं, किंवा आधी कॅन्सर झालेल्या माणसाला नव्याने सुरू झालेलं असेल तर पुढचे टप्पे करायला हरकत नाही पण डॉक्टरची भेट या आठवड्यातच घ्या.

टप्पा २: वही

यातलं काहीच नसेल तर आता वही. मी हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा मानते, कारण हिप्निक हेडेक दाखवणारी एकही रक्ताची तपासणी नाही, एकही स्कॅन नाही. निदान होतं ते वर्णनावरून आणि बाकीची कारणं बाद करून. म्हणजे तुमची वही हाच रिपोर्ट.

तयारी संध्याकाळीच करायची. उशाजवळ वही, तिला दोरीने बांधलेलं पेन, अंधारात दिसेल असं घड्याळ आणि मंद दिवा. पेन बांधायचं कारण साधं आहे, डोकं ठणकत असताना माणूस पेन शोधत नाही, "सकाळी लिहू" म्हणतो, आणि सकाळी अडीच होते की साडेतीन हे काही केल्या आठवत नाही.

जाग आली की फक्त तीन गोष्टी लिहायच्या: किती वाजले, कुठे दुखतंय, किती दुखतंय (० ते १०). दुखणं थांबलं की किंवा परत झोपायला जाताना चौथी, थांबल्याची वेळ. बाकीचं सकाळी भरा. आईच्या वहीतली एक ओळ अशी आहे:

"झोप १०.४०. जाग २.२०. दोन्ही कानशिलं आणि कपाळ, ६. डोळ्यात पाणी नाही. मळमळ नाही. उठून बसले, बरं वाटलं. थांबलं ३.३०. गोळी नाही."

एवढं पुरे. यातलं "गोळी नाही" सुद्धा तितकंच महत्त्वाचं आहे. सकाळी त्याच ओळीत आणखी लिहा: आदल्या दिवशी चहा-कॉफी किती आणि शेवटची कधी, दारू घेतली का, दुपारी झोप झाली का, कुठली औषधं किती वाजता घेतली. ज्या रात्री दुखलं नाही त्या रात्रीही ओळ लिहायची, "दुखलं नाही" अशी. नाहीतर रिकामी जागा म्हणजे दुखलं नाही की लिहायचं राहिलं हे महिन्याने कळत नाही.

किमान ४ आठवडे लिहा. डॉक्टरची अपॉइंटमेंट मात्र आजच घ्या, वही पूर्ण व्हायची वाट बघू नका.

घरातलं कुणी सोबत झोपत असेल तर त्यांना दोन कामं द्या. पहिलं, दुखणं चालू असताना चेहऱ्याकडे नीट बघायचं: एका बाजूचा डोळा लाल झालाय का, पाणी येतंय का, पापणी झुकलीय का. ज्याला दुखतंय त्याला हे स्वतःला कळत नाही. दुसरं, एखाद्या रात्री माणूस गाढ झोपलेला असताना फोनवर दोन-तीन मिनिटांचा आवाज रेकॉर्ड करायचा. घोरणं, मधेच श्वास थांबल्यासारखी शांतता आणि मग एकदम धाप लागल्यासारखा श्वास असेल तर ते डॉक्टरला ऐकवायचंच.

> नेहमीची चूक: जाग आल्याआल्या बीपी मोजणं, आकडा जास्त दिसला की परत मोजणं, परत मोजणं. दुखण्याने आणि घाबरण्याने बीपी तसंही वाढतं. मोजायचंच तर पाच मिनिटं शांत बसून एकदा मोजा, लिहा, सोडून द्या.

डायबिटीससाठी इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या घेत असाल तर मात्र जाग आल्यावर साखर नक्की मोजा. ७० च्या खाली असेल तर आधी साखरेचं काहीतरी पोटात जाऊ द्या, डोक्याचं नंतर.

टप्पा ३: पेनकिलर मोजा

डॉक्टरकडे जायच्या आधी हे घरच्या घरी करता येतं आणि यात बऱ्याच जणांचे डोळे उघडतात. गेल्या ३ महिन्यांत महिन्याला किती दिवस पेनकिलर घेतली ते मोजा. गोळ्या मोजायच्या नाहीत, दिवस मोजायचे.

पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनसारखी साधी गोळी महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस, अथवा एकात दोन-तीन औषधं असलेली गोळी, ट्रिप्टान (अर्धशिशीची खास गोळी) किंवा ट्रामाडॉल-कोडीनसारखी कडक पेनकिलर १० किंवा जास्त दिवस, असं ३ महिन्यांहून जास्त चाललं असेल तर गोळीमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. याला मेडिकेशन ओव्हरयूज हेडेक म्हणतात, आणि ते बऱ्याचदा पहाटे किंवा जाग येतानाच जाणवतं. म्हणजे मूळचं दुखणं एक, त्यावर चढलेलं दुसरं, आणि वहीत दोन्ही एकत्र.

रोज रात्री "दुखू नये म्हणून" आधीच पेनकिलर घेऊन झोपणारेही इथेच येतात. पेनकिलर बहुतेकांना हिप्निक हेडेकमध्ये फारसा उपयोगही करत नाही, गोळी पोटात विरघळून काम सुरू करेपर्यंत दुखणं आपणहून उतरायला लागलेलं असतं आणि श्रेय गोळीला जातं.

> थांबा: आकडा जास्त निघाला तर सगळं एका झटक्यात बंद करू नका, विशेषतः ट्रामाडॉल, कोडीन किंवा झोपेच्या गोळ्या. त्या कशा कमी करायच्या ते डॉक्टर सांगतील.

रोज ४-५ कप चहा-कॉफी पिणारे असाल तर तेही इथेच लिहून ठेवा, पण अजून काही बदलू नका. रोज भरपूर कॅफिन घेणाऱ्याने ते अचानक सोडलं तर २४ तासांच्या आत डोकं दुखायला लागतं आणि मग वहीचा काही अर्थ उरत नाही.

टप्पा ४: डॉक्टर आणि तपासण्या

कुणाकडे जायचं? फॅमिली डॉक्टरपासून सुरुवात करायला हरकत नाही, पण शेवटी न्यूरोलॉजिस्ट लागतोच, आणि डोकेदुखीच्या पेशंट्सची सवय असलेला मिळाला तर उत्तम.

वही आख्खी पुढे ठेवू नका. एका कागदावर सार काढा: किती दिवसांपासून, महिन्यातून किती रात्री, जाग साधारण किती वाजता, दुखणं कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती वेळ, कुठे, डोळ्या-नाकाची लक्षणं आहेत की नाहीत, दिवसा दुखतं की नाही, चालू असलेली सगळी औषधं (बीपीची, ॲसिडिटीची, आयुर्वेदिक, होमिओपॅथीची, सगळी), आणि टप्पा ३ मधला आकडा. वही पिशवीत असू द्या, विचारलं तर काढा.

डॉक्टर इथे मुख्यतः हिप्निकसारखीच दिसणारी दुखणी बाजूला काढतात. तुम्हालाही ती माहीत असलेली बरी:

क्लस्टर हेडेक. हेही रात्री ठरावीक वेळेला जागं करतं, म्हणून सगळ्यात जास्त गोंधळ याच्याशी होतो. पण हे एकाच बाजूला, डोळ्याभोवती, असह्य; त्याच बाजूच्या डोळ्यातून पाणी, नाक चोंदलेलं, आणि माणूस एका जागी बसूच शकत नाही. याचा इलाज वेगळा आहे, मास्कने जोरात ऑक्सिजन किंवा सुमाट्रिप्टानचं इंजेक्शन, आणि हिप्निकमध्ये या दोन्हींचा सहसा फायदा होत नाही. म्हणून चेहऱ्याकडे बघायला सांगितलं.

स्लीप ॲप्निया. घोरणं, मधेच श्वास अडणं, दिवसा पेंग. दुखणं बहुधा सकाळी उठल्यावर जाणवतं, दोन्ही बाजूंना दाबल्यासारखं, आणि ४ तासांच्या आत जातं. यासाठी स्लीप स्टडी करतात. ॲप्निया निघाला आणि सीपॅप मशीन (झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारं) सुरू केलं की डोकेदुखी थांबते का ते आधी बघायचं.

रात्री वाढणारं बीपी. दिवसा क्लिनिकमध्ये नॉर्मल येतं आणि रात्री चढतं, असं होऊ शकतं. २४ तास दंडावर पट्टा बांधून बीपी मोजायची तपासणी असते, ती मागा.

अर्धशिशी. झोपेतून उठवू शकते, पण मळमळ, उजेड आणि आवाज नको वाटणं सोबत असतं, आणि दिवसाही कधीतरी येतेच. दात खाण्याची सवय असेल तर सकाळी जबडा आणि कानशिलं दुखतात, ते दातांच्या डॉक्टरला चटकन दिसतं.

एमआरआय बहुतेकदा करायला सांगतात आणि तो करावाच, कारण मेंदूतल्या गाठीमुळे, पिट्यूटरी या मेंदूखालच्या ग्रंथीतल्या गाठीमुळेसुद्धा, हुबेहूब असं दुखणं झाल्याच्या नोंदी आहेत. पन्नाशीच्या पुढे ईएसआर आणि सीआरपी या रक्ताच्या तपासण्या टेम्पोरल आर्टरायटिससाठी.

> तपासा: एमआरआय नॉर्मल आला म्हणजे "तुम्हाला काही झालेलं नाही" किंवा "टेन्शनमुळे आहे" असा अर्थ होत नाही. हिप्निक हेडेकमध्ये एमआरआय नॉर्मलच येतो. कुणी तेवढ्यावर विषय संपवला तर सरळ विचारा: "हे हिप्निक हेडेक असू शकतं का?" हा प्रश्न विचारण्यात उद्धटपणा काहीच नाही, आणि कित्येकदा गाडी तिथूनच पुढे सरकते.

टप्पा ५: झोपताना कॉफी

आता उपचार. ऐकायला उलटं वाटतं, पण हिप्निक हेडेकमध्ये पहिल्यांदा करून बघायची गोष्ट म्हणजे झोपायच्या अगदी आधी एक कप कडक कॉफी, किंवा ४० ते ६० मिलिग्रॅम कॅफिनची गोळी. बऱ्याच जणांना याने फरक पडतो, आणि गंमत अशी की या पेशंट्सपैकी बहुतेकांची झोप त्याने उडत नाही. मोठ्या चाचण्या या आजारात झालेल्याच नाहीत, दुखणं इतकं दुर्मिळ आहे, त्यामुळे जे काही माहीत आहे ते पेशंट्सच्या अनुभवांच्या नोंदींवरून. तरी कॉफी पहिल्या क्रमांकावर का, तर बाकीच्या औषधांच्या मानाने तिचा त्रास कमी.

पण यात लोक हमखास चुकतात, आणि मग म्हणतात "कॉफीने काही झालं नाही":

कॉफी जेवणासोबत घेतात आणि झोपतात तीन तासांनी. घ्यायची ती झोपायच्या वेळी, दिवा मालवायच्या आधी.

डिकॅफ म्हणजे कॅफिन काढलेली कॉफी घेतात, किंवा कपभर दुधात चिमूटभर पावडर. कॅफिन पोटात गेलंच नाही तर फायदा कुठून होणार! इन्स्टंट कॉफीचा नीट भरलेला एक चमचा साधारण पुरतो. चहात कॅफिन असतं पण कमी, आणि किती ते पानं किती उकळली यावर, म्हणून चाचणीच्या काळात कॉफीच ठेवा आणि रोज मोजून तेवढीच.

दिवसभराची कॉफी तशीच चालू ठेवतात आणि वर रात्रीचा कप. दिवसाचं कॅफिन हळूहळू, आठवडाभरात एखादा कप असं कमी करत न्या. निरोगी माणसासाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक मानतात, पण तुम्हाला ते रात्री कामी यायला हवंय.

दोन रात्रींत फरक नाही म्हणून सोडून देतात. निदान दोन आठवडे रोज, न चुकता, आणि वही चालू. मग आधीच्या आठवड्यांशी तुलना करा: रात्री किती, आकडा किती, वेळ किती. दहापैकी सात रात्री दुखायचं ते तीन रात्रींवर आलं तर तो खरा फायदा आहे, अजून दुखतंय म्हणून तो वाया गेला असं समजू नका.

आणि सगळ्यात मोठी चूक, त्याच आठवड्यात कॉफीही सुरू, मेलाटोनिनही (झोपेच्या हार्मोनची गोळी) सुरू, उशीही बदलली. बरं वाटलं तर कशाने? एका वेळी एकच बदल.

> थांबा: हृदयाचे ठोके अनियमित असतील, बीपी आटोक्यात नसेल, फार ॲसिडिटी असेल, पॅनिकचा त्रास असेल, गरोदर असाल, तर कॉफीची चाचणीसुद्धा डॉक्टरला विचारून. सिप्रोफ्लॉक्सासिन (अँटिबायोटिक) किंवा फ्लुवॉक्सामिन (नैराश्यावरची गोळी) चालू असेल तर कॅफिन शरीरात जास्त वेळ रेंगाळतं, तेही सांगा.

टप्पा ६: कॉफी पुरी पडली नाही तर औषधं

इथून पुढे सगळं डॉक्टरच्या चिठ्ठीनेच. मी आकडे देतेय ते डॉक्टर काय बोलतायत ते कळावं म्हणून, स्वतःहून सुरू करायला नाही.

मेलाटोनिन, झोपताना, साधारण ३ ते ५ मिलिग्रॅम. काहींना उपयोग होतो, काहींना अजिबात नाही, पण सोसायला हलकं, म्हणून वयस्कर माणसांमध्ये आधी हे करून बघणारे डॉक्टर आहेत.

इंडोमेथासिन (आयबुप्रोफेनच्याच गटातली सूज-वेदनेची गोळी), झोपताना, २५ ते १५० मिलिग्रॅमच्या दरम्यान. ज्यांना लागू पडतं त्यांना छान पडतं. पण पोट, किडनी आणि बीपी या तिन्हींवर याचा भार येतो. रिकाम्या पोटी कधीच नाही, सोबत पोटाला सांभाळणारी गोळी लागते बहुधा. शौच काळी डांबरासारखी झाली तर गोळी बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर. या गोळीने काहींचं उलट डोकं दुखतं, तेव्हा सुरू केल्यावर दिवसा दुखायला लागलं तर वहीत लिहा आणि सांगा.

लिथियम, झोपताना, १५० पासून सुरू करून ६०० मिलिग्रॅमपर्यंत. मूड डिसऑर्डरचं औषध म्हणून नाव ऐकलेलं असतं, त्यामुळे चिठ्ठी बघून घरात एकदम शांतता पसरते. इथे ते डोकेदुखीसाठीच दिलंय, दुसरा काही अर्थ काढू नका, आणि हिप्निक हेडेकमधलं ते एक बऱ्यापैकी परिणामकारक औषध आहे. पण हे औषध जपून वापरायचं, कारण उपयोगी डोस आणि त्रासदायक डोस यांत अंतर फार कमी. सुरू करायच्या आधी किडनी, थायरॉइड आणि कॅल्शियमची तपासणी, वय जास्त असेल तर ईसीजी. मग रक्तातली पातळी ठरावीक काळाने, आणि ते रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचं. रात्री १० ला गोळी घेतलीत तर सकाळी १० ला. सकाळी ७ ला लॅब रिकामी असते म्हणून जाऊन आलात तर आकडा खोटाच वाढलेला येईल.

लिथियमसोबत काय चालत नाही ते फ्रिजवर लावून ठेवा:

- आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणि वर सांगितलेलं इंडोमेथासिनही. याने लिथियमची पातळी वाढते. गुडघेदुखीसाठी सहज घेतलेली गोळी इथे महागात पडते
- बीपीच्या काही गोळ्या: नावाच्या शेवटी "प्रिल" किंवा "सार्टन" असलेल्या, आणि लघवी जास्त करवणाऱ्या थायझाइड गोळ्या. चालू असतील तर लिथियम लिहून देणाऱ्या डॉक्टरला माहीत आहे ना, खात्री करा
- जुलाब, उलट्या, ताप, किंवा मीठ एकदम बंद करणं. शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की लिथियम साठतं. अशा वेळी वाट न बघता डॉक्टरला फोन
- कॉफी अचानक सोडणं. कॅफिनमुळे लिथियम लघवीवाटे लवकर बाहेर जातं. रोजची कॉफी एकदम बंद केली की तीच गोळी जास्त पडायला लागते. टप्पा ५ मधून इथे येताना हे लक्षात ठेवाच

हात जास्त थरथरणं, चालताना तोल जाणं, जीभ जड होणं, गुंगी, गोंधळ, उलट्या-जुलाब, ही पातळी वाढल्याची लक्षणं. पुढची गोळी घ्यायची नाही आणि हॉस्पिटल गाठायचं.

याशिवाय टोपिरामेट, फ्लुनारिझिन वगैरे अर्धशिशीत वापरली जाणारी औषधंही दिली जातात. टोपिरामेटने मुंग्या येतात, शब्द आठवत नाहीत, मुतखडा होऊ शकतो. फ्लुनारिझिनने वयस्कर माणसाच्या हालचाली मंदावल्या, हात कापायला लागले किंवा मन खूप उदास झालं तर ते म्हातारपण म्हणून सोडून देऊ नका, गोळीमुळे असू शकतं.

> नेहमीची चूक: झोपेची गोळी. गाढ झोपलं की दुखणारच नाही असं वाटतं, पण जाग येतेच, आणि आता अर्धवट गुंगीत. वयस्कर माणूस अंधारात पडायला एवढं पुरतं. ॲप्निया असेल तर श्वास आणखी अडतो.

टप्पा ७: जाग आल्यावर त्या तासाभरात

औषध लागू पडेपर्यंत, आणि पडल्यावरही मधूनअधून, हा तास काढावा लागतो. तो नीट काढता आला तर अर्धी भीती जाते.

१. पडून राहू नका. डोकं धरून, उशीत खुपसून पडून राहिलं की काहींचं दुखणं लांबतं. हळू उठा, पलंगाच्या कडेला मिनिटभर बसा, पाय जमिनीला टेकवा, मग उभे राहा. मंद दिवा आधी, पाऊल नंतर.

२. घड्याळ बघा, ओळ लिहा.

३. डॉक्टरने "त्या वेळी कॉफी घ्या" असं सांगितलं असेल तर आत्ता. काहींना झोपतानाच्या कपापेक्षा या कपाने जास्त बरं वाटतं. पाणी गरम करायला लागू नये म्हणून थर्मास भरून ठेवा.

४. खुर्चीत बसून काहीतरी हातातलं, हलकं करा. वाचन, घड्या घालणं, खोलीतल्या खोलीत दोन फेऱ्या. बरेच जण असं उठून काहीतरी करतात आणि त्यांना त्याने बरं वाटतं.

५. दुसरी पेनकिलर नाही. "पहिलीने थांबलं नाही म्हणून" हे वाक्य मनात आलं की टप्पा ३ आठवा.

सोबत झोपणाऱ्याने दर रात्री उठून बसायची गरज नाही, आणि ज्याला दुखतंय त्यालाही तसं नकोच असतं बऱ्याचदा, आपल्यामुळे सगळं घर जागं होतं याचंच त्याला जास्त वाईट वाटतं. दिवसा बसून एकदाच ठरवून टाका: कुठल्या लक्षणाला हाक मारायची (टप्पा १ ची यादी) आणि बाकी रात्री हाक न मारता वहीत लिहायचं. सकाळी मात्र विचारा, कशी गेली रात्र.

परत झोप येते का? येते. काहींना झोपायचीच धास्ती बसते, रात्र झाली की पोटात गोळा येतो, मग उशिरापर्यंत जागत बसतात. जागरणाने दुखणं टळत नाही, झोप लागल्यावर येतंच. ही धास्ती खूप वाढली असेल तर ते डॉक्टरला वेगळं सांगा, तिच्यावरही इलाज आहे.

टप्पा ८: बरं वाटल्यावर औषध कमी करणं

तीन-चार महिने रात्री शांत गेल्या की डॉक्टरला विचारा, कमी करून बघायचं का. काहींचं दुखणं औषध थांबवल्यावरही परत येत नाही, काहींचं काही आठवड्यांत परत येतं आणि मग तेच औषध परत सुरू करतात, बहुतेकदा ते पुन्हा लागू पडतं. स्वतःहून एकदम बंद करू नका.

कमी करायला सुरुवात करायच्या दोन आठवडे आधी वही परत उघडा, एव्हाना ती कपाटात गेलेली असते. कमी करताना लग्नकार्य, प्रवास, रात्रपाळी असला काळ टाळा, झोपेच्या वेळा हलल्या की फरक औषधाचा की जागरणाचा ते कळत नाही.

> तपासा: परत आलेलं दुखणं पहिल्यासारखंच आहे ना? वेळ, जागा, कालावधी जुन्या वहीशी ताडून बघा. वेगळं असेल, म्हणजे एकाच बाजूला सरकलंय, दिवसाही येतंय, उलटी होतेय, नजर बदललीय, तर जुनं निदान गृहीत न धरता परत टप्पा १ पासून, आणि न्यूरोलॉजिस्टला तसं स्पष्ट सांगून नव्याने तपासून घ्या.